दोन माणसं, एक टेबल आणि १९६७ साल

पुस्तक हातात आलं की आपण लेखकाचं नाव बघतो, मग किंमत. पहिल्या पानाच्या पाठीमागे बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती असं सगळं छापलेलं असतं. ते पान वाचणारे थोडेच. मला ती सवय नोकरीमुळे लागली. शाळेत लागण्याआधी, बी.ए. झाल्यावर, १९७२ ते ७४ अशी दोन वर्षं मी नागपुरात एका लहान प्रकाशनसंस्थेत प्रूफं तपासत होतो. संस्थेचं नाव देत नाही, कारण इथे विषय तिचा एकटीचा नाही.

संस्था म्हणजे काय, तर मालक, हिशेबनीस आणि मी. पार्सलं बांधायला दुपारी एक पोरगा यायचा. छापखाना दुसऱ्याचा. किन्हीराजाला सुटीवर गेलो की लोक विचारत, "मग तू नेमकं करतोस काय?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता यायचं नाही. सकाळी प्रूफं, दुपारी लेखकांना पत्रं, संध्याकाळी व्ही.पी.ची पार्सलं घेऊन पोस्टात रांग.

प्रूफाची घाई का असायची ते सांगतो. लहान छापखान्याकडे मराठी खिळे मोजकेच. एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून पुन्हा घरात टाकायचे आणि मग पुढचा फर्मा. माझ्याकडे प्रूफ अडकलं की तिकडे जुळारी रिकामा बसायचा. 'मौज'चा गिरगावात स्वतःचा छापखाना होता. तिथे श्री. पु. भागवतांनी संपादन कुठल्या उंचीला नेलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. आम्हाला मात्र एक दिवस थांबणंही जड जायचं. त्यातच १९७२ साली शुद्धलेखनाचे चार नवे नियम आले. १९६२ चे चौदा धरून अठरा झाले. जुन्या लेखकांच्या हस्तलिखितातले न उच्चारले जाणारे अनुस्वार मी काढायचो, आणि रागावलेल्या लेखकाची समजूत मालक काढायचे.

अशा एका टेबलावरच्या संस्थांनी मराठीत काय करून ठेवलं आहे ते बघा. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' काढलं. लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव कुणाचं यावरून केवढा गदारोळ झाला, पण मोट्यांनी गुपित फुटू दिलं नाही. त्या होत्या शिक्षिका बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी १९५९ मध्ये खांडेकरांची 'ययाति' छापली आणि १९६३ मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांकडून 'कोसला' लिहून घेतली. दोन टोकाची पुस्तकं, प्रकाशक एकच! इथे समिती वगैरे नसते. एका माणसाला पटलं की पुस्तक निघतं आणि बुडालं तर त्याच माणसाचं बुडतं.

मग हे लोक जगत कशावर? पुष्कळांचा आधार होता शालेय पुस्तकांचा. व्याकरण, वाचनमाला, निबंध यांवर जे सुटायचं त्यातून कविता, कादंबरी निघायची. १९६७ साली दोन गोष्टी घडल्या. २७ जानेवारीला 'बालभारती'ची स्थापना झाली आणि पाठ्यपुस्तकं हळूहळू सरकारकडे गेली. मुलांना स्वस्त, एकसारखी पुस्तकं मिळाली. मी पुढे आयुष्यभर तीच शिकवली, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. वाचनालयांना अनुदान मिळू लागलं आणि लहान प्रकाशकाला नवं गिऱ्हाईक मिळालं. एका हातातून गेलं ते दुसऱ्या हातात आलं, असं वरवर दिसतं.

पण फरक पडला, आणि तो मी त्या टेबलावर बसून पाहिला. खरेदी मार्चअखेरीला एकदम. त्याआधीचे दोन महिने आमचे पगार पुढे ढकलले जायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हस्तलिखित आलं की मालकांचा पहिला प्रश्न बदलला. "वाचनालयं घेतील का?" एकदा वऱ्हाडी बोलीतल्या कवितांची वही आली. कवी शेतकरी होता. मालकांनी दोन रात्री वाचली, मलाही वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "परत पाठवा. पातळ पुस्तक, त्यात कविता. दोनशे प्रतीसुद्धा जाणार नाहीत." पार्सल मीच बांधलं. ती वही पुढे कुठे छापून आली का, हे मी बरीच वर्षं पुस्तकांच्या याद्यांत शोधत राहिलो.

या कोंडीवर मुंबईत 'ग्रंथाली'ने वाट काढली. वाचकांचीच चळवळ उभी केली आणि पुस्तक थेट त्यांच्याकडे नेलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं ते तिथूनच. वाचनालयांच्या यादीकडे बघून कुणी ते पुस्तक आधी काढलं असतं का? मला शंका आहे.

आता खिळे गेले. शंभर प्रतीही छापता येतात, त्यामुळे आज ती वही परत पाठवावी लागली नसती. पण हस्तलिखित दोन रात्री जागून वाचणारा माणूस अजूनही लागतोच, आणि त्याचा पगार कुठल्याच अनुदानात बसत नाही. तेव्हा पुढच्या वेळी पुस्तक घ्याल तेव्हा ते मागचं पान जरूर वाचा. प्रकाशकाचा पत्ता बघा. पुष्कळदा तो कुणाच्या तरी राहत्या घराचाच असतो.