आजोळ निघाले प्रवासाला

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा महाराष्ट्रातला जुना रिवाज. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येई, बाळ-बाळंतिणीचे शेकणे, न्हाऊमाखू, डिंक-अळिवाचे लाडू हे सारे आईच्या देखरेखीखाली होई आणि सव्वा महिन्यानंतर किंवा त्याहून उशिरा ती बाळाला घेऊन सासरी परते. पुढे दर सुट्टीत ते मूल आजोळी येई. या व्यवस्थेत आजीने प्रवास करण्याचे कारणच नव्हते. उलट, मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, असा दंडक कित्येक घरांत पाळला जाई, आणि नंतरही लेकीकडे मुक्काम ठोकणे कमीपणाचे मानले जाई. वडिलांची आई तर बहुधा त्याच घरात राहणारी. म्हणजे नातवंडांना भेटण्यासाठी गाठोडे बांधून निघालेली आजी ही परंपरेने घडवलेली नाही. पोट भरायला लांब गेलेल्या पुढच्या पिढीने तिला घराबाहेर काढले.

याची पहिली मोठी खूण कोकणात दिसते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. नंतरच्या अर्धशतकात रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या मुलखातून, गिरण्या, गोदी आणि घरगडीपणासाठी माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. पण गेले ते पुरुष. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि उरलेले पैसे मनिऑर्डरने गावी पाठवायचे, असा चाकरमान्याचा क्रम होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या स्त्रियांची संख्या पुरुषांच्या साधारण निम्मीच होती. बायकामुले गावी, सासूच्या छायेत. त्यामुळे या पहिल्या पिढीत मुलगा लांब गेला तरी नातवंडे आजीजवळच राहिली. परळ-लालबागच्या चाळीत चाकरमान्याने बिऱ्हाड केले, तेव्हा खरी ताटातूट झाली.

मुंबईला जायचे तर वाट समुद्राची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकण किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्या आणि बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव बंदराबंदरांत माहीत झाले. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. नऊवारीचा काचा मारलेल्या, कधी पाण्यात पाय न ठेवलेल्या म्हाताऱ्या बाईला हलत्या पडावातून बोटीवर चढवणे हे खलाशांचे रोजचे काम होते. वर डेकवर वळकटी पसरून रात्र काढायची. बोट लागू नये म्हणून जवळ आवळासुपारी किंवा लिंबू. सोवळे पाळणाऱ्या विधवा आजीची अडचण आणखी मोठी, कारण बोटीवरचे पाणीही तिला चालत नसे. मुंबई येईपर्यंत उपास हाच तिचा मार्ग. सामानात कुळथाचे पीठ, आमसुले, फणसाची साटे, उकड्या तांदळाचे गाठोडे. एकट्या बाईने प्रवास करण्याची रीत नव्हती, म्हणून गावातला कोणी चाकरमानी रजेवरून परत निघाला की त्याच्या सोबतीने ती निघे. तिच्या निघण्याची तारीख पंचांगापेक्षा त्याच्या रजेवर ठरे.

परतण्याची तारीख पावसाळा ठरवी. पावसाच्या तोंडावर कोकणच्या बोटी बंद होत आणि समुद्र निवळल्यावर पुन्हा सुरू होत. मधल्या महिन्यांत गावी जायचे तर रेल्वेने घाटावर जाऊन मग आंबा, फोंडा किंवा आंबोलीच्या घाटाने खाली उतरायचे. म्हणून मुंबईला गेलेली आजी एक तर मृगाआधी परते, नाहीतर चार महिने अडकून पडे. खाडीपलीकडच्या जवळच्या बंदरांसाठी काही बोटी पावसाळ्यातही चालत. त्यांपैकीच ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

मुंबईत तिची गरज का पडू लागली, याचे उत्तर प्रसूतिगृहांत आहे. १९२६ साली परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, तेही मुख्यतः गिरणगावातल्या बायकांसाठी. तीनच वर्षांनी मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा आला. १९२८ मध्ये विधिमंडळात त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी मुदतीची रजा आणि थोडे पैसे मिळू लागले. शहरात दवाखाना आहे, रजा मोजकी आहे, धाकट्या दिरांचे डबे आहेत, अशा घरातल्या सुनेला किंवा लेकीला कोकणात पाठवणे परवडेना. मग बाळंतपण जिथे, तिथे आजी. दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतिणीची खाट लावली की घरातले पुरुष गॅलरीत झोपायला जात आणि शेगडीचा ताबा गावाहून आलेल्या बाईकडे जाई. लेकीच्या घरचे अन्न न घेण्याचा दंडक बहुतेक घरांत याच काळात गळून पडला. त्यावर कोणी परिषद भरवली नाही की ठराव केला नाही. स्वयंपाक तीच करीत होती, तेव्हा न जेवून करते काय?

पुढच्या वाहनांनी हा प्रवास सोपा केला, त्याचा अर्थ फारसा बदलला नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि काही वर्षांत एसटी कोकणातल्या वाड्यांपर्यंत पोचली. बोटींची सद्दी हळूहळू संपली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि पावसाळ्याची अट सुटली.

त्याआधीच आजीचा रस्ता समुद्रापार गेला होता. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. मुंबई-पुण्याचे डॉक्टर आणि इंजिनीयर तिकडे स्थायिक होऊ लागले. १९६९ मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ उभे राहिले आणि १९८१ मध्ये अनेक मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १९६० पासून होती, पण तिकीट मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर, आणि परकीय चलन त्याहून दुर्मीळ. सत्तरच्या दशकात बराच काळ प्रवाशाला हातात फक्त ८ डॉलर घेऊन देश सोडता येई आणि निघण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेच्या ‘पी फॉर्म’चे सोपस्कार करावे लागत. त्या पिढीच्या आज्यांपैकी अनेकींनी अमेरिकेतली नातवंडे आधी फोटोत पाहिली. मुलगा नागरिक झाला की मात्र आईवडिलांना कायमचे बोलावण्याची सोय त्याच कायद्यात होती.

१९९० नंतर तिकडे गेलेल्या संगणक अभियंत्यांना ती सोय मिळाली नाही. ते एच-१बी व्हिसावर गेले. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षे लांबत गेली, आणि आईवडिलांना बोलावण्याचा हक्क फक्त नागरिकाला. ग्रीन कार्ड असलेल्यालाही तो नाही. उरला पाहुण्यांचा व्हिसा. त्यावर एका वेळी सामान्यतः सहा महिने राहता येते. दुसऱ्या बाजूला, १९९३ च्या अमेरिकी कायद्याने बाळंतिणीला मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नोकरीत आणि इतर अटी पुऱ्या केल्या तर. पाळणाघराचा खर्च डोळे पांढरे करणारा. बारा आठवडे आणि सहा महिने या दोन आकड्यांतून मराठी घरांनी आपली पद्धत काढली: आधी लेकीची आई सहा महिने, ती परतली की मुलाची आई सहा महिने. बाळ वर्षाचे होईपर्यंत घर निभावते. आजीच्या या फेरीला सहल म्हणणे धाडसाचे आहे.

व्हिसासाठी मुंबईत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधल्या अमेरिकी वकिलातीपुढे रांग लागे. नोव्हेंबर २०११ मध्ये ही वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात हलली. अर्जदार परत येणार नाही असे गृहीत धरूनच अमेरिकी कायदा सुरुवात करतो, तेव्हा परतण्याची कारणे आजीने दाखवायची असतात. घराची कागदपत्रे, पेन्शन, बँकेतल्या ठेवी आणि भारतातली दुसरी अपत्ये या कामी येतात. विमानतळावर चाकांची खुर्ची मागवली जाते ती पुष्कळदा गुडघ्यांसाठी नसून वाटेसाठी असते. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत पोचवतो, म्हणजे इंग्रजीची अडचण मिटते. बोटीवरच्या चाकरमान्याची सोबत विमान कंपन्यांनी नकळत पुन्हा सुरू केली.

तिथल्या घरात जुने बाळंतशास्त्र जसेच्या तसे चालत नाही. ओवा-बाळंतशेपांची धुरी केली की धुराची घंटा वाजते. बाळाला मध चाटवायचा नाही, कारण वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून बॉट्युलिझमचा धोका असतो. हा आक्षेप खरा आहे आणि आज्यांनी तो मानायलाच हवा. बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी १९९४ पासून चाललेल्या मोहिमेमुळे तिथे बाळ पाठीवर आणि वेगळ्या पाळण्यात झोपवतात, आईच्या कुशीत किंवा गोधडीत नाही. बाळाला हात लावण्याआधी आजीनेच डांग्या खोकल्याची लस घ्यावी, असे डॉक्टर सुचवतात. तेलाचे मालीश आणि अळिवाची खीर मात्र टिकली.

इतर देशांनी मुदती वेगळ्या ठरवल्या. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडील व आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. सुरुवातीला त्यावर एका वेळी दोन वर्षे राहता येई, जुलै २०२२ पासून पाच. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा आणला.

मार्च २०२० मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली आणि ती २७ मार्च २०२२ लाच पूर्ववत झाली. तिकडे असलेल्या आज्या अडकल्या, इकडच्या निघू शकल्या नाहीत. विमाने सुरू झाली तेव्हा व्हिसा कचेऱ्यांत अर्ज तुंबले होते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अमेरिकेचा पाहुणा व्हिसा मागणाऱ्यांना मुलाखतीची तारीख दोन वर्षांहून पुढची मिळत होती, म्हणजे बाळंतपणासाठी निघायच्या आजीची पाळी येईपर्यंत नातवंड चालू-बोलू लागलेले असे.