ज्वारी 'सोडली' कुणी? सिनॉप्सिसमधल्या एका क्रियापदाची गोष्ट

अंजनगाव सुर्जी हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी नेट-सेटच्या तयारीत एकदाच वाचलं असेल. ३० डिसेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली यांच्यातला तह. एक मार्काचा प्रश्न, आणि गाव संपलं. माझं काम मात्र तहाशी संबंधित नाही. मी या भागातल्या जेवणाचा इतिहास लिहितोय, आणि आजची पोस्ट माझा संशोधनप्रश्न कसा चुकला आणि कसा सुधारला याबद्दल आहे.

सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं, "वऱ्हाडातील ग्राहकांनी ज्वारी का सोडली?" गाइडनी 'सोडली' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि बाजूला काहीच लिहिलं नाही. मला वाटलं शुद्धलेखनाची चूक असेल.

प्रश्न कुठून आला ते सांगतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. प्रस्ताव भारताचा होता. त्याआधी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीला राजपत्रात 'पौष्टिक धान्य' असं नाव दिलं. सगळीकडे एकच सूर: पाणी कमी लागतं, हवामानबदल सोसतं, आरोग्याला बरं, तेव्हा ग्राहकांनो, ज्वारी निवडा. हे सगळं खरंच आहे. पण मला ते विचित्र वाटायचं, कारण ज्या मुलखात दोन पिढ्यांपूर्वी 'जेवण' म्हणजेच भाकर होती, तिथल्या माणसाला आता ज्वारी चांगली असते हे पोस्टरवरून सांगायचं. मग मी गृहीत धरलं की मधल्या काळात लोकांची आवड बदलली असणार. गहू प्रतिष्ठेचा, पोळी सणाची, ज्वारी गरिबाची. चित्र छान जुळत होतं. (पहिल्याच महिन्यात सगळं छान जुळायला लागलं तर घाबरायला शिका.)

पहिला धक्का अभिलेखांनी दिला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, त्यानंतरची कागदपत्रं भरपूर आहेत. आल्फ्रेड लायल यांचं १८७० चं गॅझेटिअर, जमाबंदीचे रिपोर्ट, पुढे हंगाम आणि पिकांचे वार्षिक अहवाल. त्यात पेरा किती, सारा किती, कापसाच्या गाठी किती, सगळं सापडतं. खाणारा माणूस कुठेच सापडत नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांची नजर वळली. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर ही छोटी लाइन आली, आपली 'शकुंतला', ती दर्यापूर, अंजनगाव करत जायची. ती कापसासाठी टाकली होती, पण डब्याला काय, त्यातून धान्यही जातं. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं १९९७ चं पुस्तक याच प्रश्नावर आहे: दुष्काळापासून सुरक्षित समजला जाणारा हा प्रदेश १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये एवढा का मोडला? त्यांच्या मांडणीत उत्तर पावसापेक्षा बाजाराकडे जास्त जातं. ते पुस्तक वाचाच. सगळं पटेलच असं नाही, पण एकाच कागदाला दुसरा प्रश्न कसा विचारायचा ते कळतं.

त्या रिपोर्टांत एक ओळ मी तीनदा वाचून पुढे गेलो होतो. सालदाराचा मोबदला. वर्षाला इतकी ज्वारी आणि वर थोडे रुपये. कापणी-मळणीची मजुरीही खळ्यावर धान्यातच. मी हे 'मजुरी' या फाइलमध्ये टाकलं आणि विसरलो.

दुसरा धक्का अंजनगावात बसला. मी प्रश्नावली घेऊन फिरत होतो. एका आजींना विचारलं, तुम्ही ज्वारी खाणं का सोडलं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "काहून सोळली म्हन्ता? आमी कुठी सोळली? जवारीच घरी याची बंद झाली ना बाप्पा!"

गाइडच्या लाल गोलाचा अर्थ तेव्हा लागला.

आजी आयुष्यभर शेतमजुरी करत आल्या. त्यांनी ज्वारी कधी दुकानातून 'निवडली' नव्हती. ती मजुरीत यायची. ज्या अर्थाने आज आपण ग्राहक म्हणतो, त्या अर्थाने त्या ज्वारीच्या ग्राहक नव्हत्याच. शेतातून ज्वारी गेली, सोयाबीन आलं, मजुरी रोख झाली, तेव्हा त्या पहिल्यांदा धान्य विकत घेणाऱ्या झाल्या. आणि विकत घ्यायला रेशनच्या दुकानात काय होतं? गहू आणि तांदूळ.

आता रेशनकडे वळू, कारण खरा इतिहास इथे दाट आहे. लोकांनी काय खावं हे सांगण्याचा सरकारचा हा पहिला प्रयत्न नाही. १९४९ मध्ये नेहरूंनी धान्याची आयात थांबवायचा निर्धार जाहीर केला, तेव्हा रताळी, केळी असलं काहीबाही खाऊन तांदूळ-गहू वाचवा असा प्रचार झाला. पुढे लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने 'अन्नपूर्णा' उपाहारगृहं निघाली, जिथे धान्याशिवायचे पदार्थ मिळत. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारची रात्र उपाशी राहायला सांगितलं. आवाहनाला लोकांनी मान दिला, पण रोजचं ताट काही त्यामुळे बदललं नाही.

ताट बदललं ते दुसऱ्याच वाटेनं. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा पहिला करार झाला. त्या वेळी केंद्रात कृषिमंत्री होते आपल्या अमरावती जिल्ह्यातले, पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. १९६६ साली एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आलं, त्यात मोठा वाटा गव्हाचा. १९६५ मध्ये अन्न महामंडळ उभं राहिलं, त्याच वर्षी मॉडर्न बेकरीज ही सरकारी ब्रेड कंपनीही. मग हरितक्रांतीचा गहू. ज्वारी खाऊ नका असं कुणी कधीच म्हटलं नाही. गोदाम, भाव, खरेदी, वाटप ही सगळी यंत्रणा गहू-तांदळाभोवती बांधली गेली, बस्स.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून ज्वारी आलीसुद्धा, लाल 'मिलो'. तिकडे ती मुख्यतः जनावरांचं खाद्य. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मिलो म्हटलं की चेहरा बदलतो. ज्वारीला 'गरिबीचं धान्य' म्हणतात ना, त्यातला काही भाग मला वाटतं ज्वारीचा नसून मिलोचा आहे. हे अजून सिद्ध करायचंय.

आणि आपली ज्वारीही तीच राहिली नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं. वऱ्हाडात 'हायब्रीड' हे त्या धान्याचंच नाव पडलं. उत्पन्न वाढलं, पण ताट ठेंगणं म्हणून कडबा कमी. लवकर पक्व होत असल्यानं दाणा भरताना पाऊस आला की काळी बुरशी. काळ्या ज्वारीची भाकर कोण आवडीनं खाणार? तेव्हा 'पूर्वीची ज्वारी किती छान' हे ऐकताना कुठली पूर्वीची, हे विचारायला विसरू नका. १९६० च्या दशकात देशात ज्वारीखाली सुमारे १८० लाख हेक्टर होते, आता ४० लाखांच्या आसपास. एकट्या वऱ्हाडात रानडुक्कर, पाखरं, मजूर न मिळणं ही कारणं शेतकरी लगेच सांगतात. त्यात तथ्य आहे.

कायद्याकडे बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो. कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त! एखाद्या हंगामात खरेदी झालेली ज्वारी दुकानात येतेही, पण नेहमीचं वाटप गहू-तांदळाचंच. मग १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. म्हणजे भरडधान्य वर्ष ज्या दिवशी सुरू झालं, त्याच दिवशी.

नवी प्रश्नावली घेऊन मी परत गेलो तेव्हा आवडीनिवडीचे प्रश्न काढून टाकले होते. त्याऐवजी विचारलं, ज्वारी दळता कुठे? आणि बोलणं सुरू झालं. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पीठ मिसळतं, म्हणून ज्वारीचं गिऱ्हाईक जमेपर्यंत डबा ठेवून थांबायचं. जमलं नाही तर उद्या. पीठ फार दिवस ठेवता येत नाही, विरी जाते आणि भाकर तुटते. म्हणजे थोडं थोडं, वरचेवर दळायचं. थापणाऱ्या हातांचा वेळ वेगळाच. हा हिशोब घरोघरी बाईच करते, आणि पोस्टरवरच्या 'ग्राहक' शब्दात तो दिसत नाही.

कुणी विचारेल, मग प्रचार करूच नये का? करावा की. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला 'निवडा' या आज्ञार्थामागे आधी काय काय मांडून ठेवलेलं असतं ते बघायचंय. अंजनगावच्या उत्तरेला गोड्या पाण्यावर संत्री-केळी होतात, दक्षिणेला दर्यापूरकडे खारपाणपट्टा, तिथे विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. कोरडवाहू ज्वारी जिथे सर्वांत शहाणपणाची, तिथल्याच रेशनमध्ये दूरवरून आलेला ओलिताचा गहू असतो.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: "वऱ्हाडातील शेतमजूर कुटुंबांत ज्वारी येण्याचे मार्ग कधी व कसे बंद झाले?" वाक्य लांबलंय, पण कर्ता बदललाय. सध्या 'मजुरी' नावाची ती जुनी फाइल पुन्हा उघडून पहिल्या पानापासून वाचतोय.