संगणकजालातील कोंडी आणि तिचा उतारा



संगणकजालाचा, म्हणजे ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याचा, इतिहास सांगताना बहुधा १९६९ सालापासून प्रारंभ केला जातो. त्या वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातल्या संगणकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयास घेतला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही पहिली दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडील यंत्रणा बंद पडली. ही हकीकत आता सर्वतोमुखी झाली आहे. मला आज जो प्रसंग सांगावयाचा आहे तो त्यानंतर सतरा वर्षांनी घडला. १९६९ साली जाल जन्मास आले. १९८६ साली ते वाढत्या गर्दीत टिकाव धरील की नाही, असा प्रश्न उभा राहिला.

प्रथम या जालाची रीत थोडक्यात पाहू. जुन्या टेलिफोनच्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामधील संपूर्ण तार त्यांच्यापुरती राखून ठेवली जात असे. ती दोघे क्षणभर गप्प बसली तरी तार अडलेलीच. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे निराळी कल्पना मांडली. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता व अनुक्रमांक घालावा, आणि टपालातील पुडक्यांप्रमाणे ते सामाईक वाटेने रवाना करावेत. वाटेतील प्रत्येक नाक्यावर एक वाटाड्या यंत्र असते. ते पत्ता पाहून पुडके पुढे धाडते; गर्दी झाल्यास त्याला रांगेत उभे करते; आणि रांगेतही जागा उरली नाही म्हणजे चक्क टाकून देते. पुडके मिळाले की घेणारा पोच धाडतो. ठराविक काळात पोच आली नाही तर पाठविणारा तेच पुडके पुन्हा पाठवितो. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या विचारांतून विकसित झालेले हे नियम १ जानेवारी १९८३ रोजी त्या काळच्या आर्पानेट जालाने अंगीकारले.

नियम उत्तम होते. परंतु त्यांत एक उणीव राहून गेली होती. पोच येईना, तर थांबावे किती आणि पुन्हा पाठवावे किती, याचा पुरता विचार झालेला नव्हता. १९८४ साली जॉन नेगल यांनी इशारा दिला होता की, अशा जालात गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली तर सारा व्यवहारच ढासळेल. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, तसेच घडले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांच्यामध्ये अंतर अवघे ४०० यार्ड. त्या वाटेवरून दर सेकंदास ३२,००० बिट जात असत, ते प्रमाण ४० बिटांवर आले. साध्या हिशेबाने, जेथे सेकंदाला चार हजार अक्षरे जात होती तेथे पाच जाऊ लागली.

तार तुटली नव्हती. उलट ती तुडुंब भरलेली होती. हे कसे झाले? समजा, घाटात वाहतूक अडून राहिली आहे. घाटावरचा व्यापारी गोव्यातील अडत्याच्या पोचेची वाट पाहत आहे. पोच येत नाही म्हणून, माल गहाळ झाला असे समजून, तो तोच माल दुसऱ्या मालमोटारीने रवाना करतो. पहिली मोटार वास्तविक घाटातच उभी आहे. आता तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहते. प्रत्येक व्यापारी असेच करू लागला म्हणजे घाट मोटारींनी भरून जातो, आणि अडत्याच्या दारी उतरतो तो मात्र एकाच मालाचा दुसरा नि तिसरा नग. त्या वाटेची गत हीच झाली होती. प्रत्येक संगणकाची घाई त्याच्या स्वतःच्या दृष्टीने रास्त होती. सर्वांच्या मिळून त्या घाईने सर्वांचीच वाट बंद केली.

त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांच्या साहाय्याने या प्रकाराचा शोध घेतला. ऑगस्ट १९८८ मध्ये स्टॅनफर्ड येथे भरलेल्या संशोधकांच्या परिषदेत जेकबसन यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांचे मूलतत्त्व असे की, वाट भरली असता एक पुडके बाहेर पडल्याखेरीज नवे आत सोडू नये. आरंभी एकच पुडके धाडावे. त्याची पोच आली की दोन, मग चार, असे चढत जावे. तारेच्या दोषाने पुडके बिघडणे विरळा. म्हणून ते हरवले तर वाटेवर कोंडी झाली असे समजावे. मग पूर्वी जितकी पुडकी वाटेवर होती त्याच्या निम्मी मर्यादा ठरवून पुन्हा एकापासून आरंभ करावा, आणि त्या मर्यादेपुढे दर फेरीस एकच पुडके वाढवावे. पोच आलीच नाही, तर थांबण्याचा काळ दर खेपेस दुप्पट करावा. सारांश, वाढ बेताने आणि माघार तत्काळ.

याच परिषदेत के. के. रामकृष्णन आणि राज जैन यांनीही आपला निबंध सादर केला. दोघेही बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. पुडके टाकून देण्यापर्यंत पाळी येण्याआधीच वाटाड्याने त्यावर गर्दीची खूण करावी, अशी त्यांची सूचना होती. अशाच खुणेची व्यवस्था पुढे २००१ साली इंटरनेटच्या नियमांत अंतर्भूत झाली. १९८९ साली चिऊ आणि जैन यांनी गणिताने दाखविले की, एकेकाने वाढणे आणि प्रमाणात घटणे ही रीत सर्वांनी पाळली, तर वाटेचे वाटपही हळूहळू समसमान होत जाते. ज्याच्याकडे अधिक, तो निम्म्याने घटताना अधिक सोडतो. वाढताना मात्र सर्वांस सारखेच मिळते.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या सुधारणेसाठी वाटेवर पहारेकरी नेमावे लागले नाहीत. बदल झाला तो दोन्ही टोकांच्या संगणकांत. बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर ही शिस्त ठिकठिकाणी पोहोचली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ती चांगलीच रुळली होती. त्यानंतर तिच्यात पुष्कळ फेरफार झाले. २०१६ साली पुडके हरवण्यावर विसंबून न राहता वाटेची कुवत मोजणारी एक नवी रीत पुढे आली, तिच्या कर्त्यांतही जेकबसन होते.

मात्र एक शंका उरतेच. ही शिस्त स्वेच्छेची आहे. एखाद्याने ती झुगारून दिली, तर इतर मागे सरतील आणि त्यांनी सोडलेली जागा तो बळकावील. सॅली फ्लॉइड आणि केव्हिन फॉल यांनी १९९९ साली याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. त्यावर वाटाड्यांकरवी काही उपाय योजता येतात. तथापि जालाची मुख्य भिस्त आजही टोकाशी बसलेल्या संगणकांच्या संयमावरच आहे. आपण एखादे छायाचित्र दूरदेशी धाडतो तेव्हा आपला संगणक अनोळखी लोकांसाठी कितीदा तरी मागे सरत असतो, आणि ते अनोळखी लोकही आपल्यासाठी सरत असतात. ४०० यार्डांच्या त्या कोंडीने शिकविलेला हा धडा जगभरच्या यंत्रांनी अजून तरी सोडलेला नाही.