पितळेचा गजर

दिवाळी आणि आवाज यांचे नाते जुने आहे. शेजारच्या वाड्यातल्या पोरांचा फटाका आपल्यापेक्षा मोठा वाजला, की आपल्या घरातल्या पोरांचे चेहरे उतरतात आणि वडीलमाणसांच्या खिशाला हात लागतो. गणपतीच्या मिरवणुकीत एका पथकाचे ढोल घुमू लागले, की मागच्या पथकाच्या टिपऱ्यांना आपोआप जोर चढतो. ही ईर्ष्या मत्सराची नसते. त्यात समोरच्याला बुडवायचे नसते, आपण किती भरून वाजवतो हे त्याला ऐकवायचे असते. अशीच एक गोड ईर्ष्या सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. तिचे नाव 'ड्रम कोअर'. ढोल, ताशे आणि पितळी कर्णे यांची ही पथके. जास्त मोठा आवाज कोणाचा, या साध्या प्रश्नातून त्यांनी जो प्रवास केला, तो सणाच्या निवांत दुपारी ऐकण्याजोगा आहे.

या प्रकाराचा जन्म लढाईनंतरच्या शांततेतला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९१९ साली 'अमेरिकन लीजन' ही संघटना उभी केली. गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. या माणसांना कवायत येत होती, पावलाला पाऊल लावून चालण्याची सवय अंगात मुरलेली होती आणि छावणीतला बिगूल कानात घुमत होता. तेव्हा शाखेशाखेने ढोल-बिगुलांची पथके काढली. १९२१ साली कॅन्सस सिटी येथे या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुढे प्रौढांच्या जोडीला मुलांची पथके आली. कुठे चर्चने, कुठे बालवीरांच्या तुकडीने, तर कुठे गावातल्या एखाद्या हौशी माणसाने त्यांना आसरा दिला. न्यू जर्सीतल्या गारफील्ड गावी १९३४ साली एका चर्चच्या आश्रयाने 'कॅडेट्स' निघाले, १९३८ साली विस्कॉन्सिनमध्ये 'मॅडिसन स्काउट्स' आले, १९४८ साली शिकागोत डॉन वॉरन यांनी 'कॅव्हेलियर्स' काढले आणि १९५७ साली वायोमिंगमधल्या कॅस्पर गावी जिम जोन्स यांनी 'ट्रूपर्स' उभे केले.

आता या मंडळींच्या हातातले वाद्य पाहा. साधा बिगूल म्हणजे पितळेची वळवलेली नळी. तिला बोटांनी दाबायचे काही नाही. ओठ आणि श्वास यांच्या बळावर तिच्यातून व्यवहारात पाचच स्वर निघतात. आपल्या भाषेत सांगायचे तर दोन षड्ज, दोन पंचम आणि एक गंधार. सा, ग, प यांवर माणूस किती गाणार? रियाज कितीही करा, त्यातून राग उभा राहायचा नाही. पुढे बिगुलाला एक पिस्टन बसला, तेव्हा रिषभ आणि निषाद हाती आले. तरी मध्यम आणि धैवत रुसूनच होते. मग आणखी एक फिरता व्हॉल्व्ह आला. १९७७ मध्ये दोन उभ्या व्हॉल्व्हना आणि १९९० मध्ये तिसऱ्याला परवानगी मिळाली, तेव्हा कुठे सगळी स्वरमाला बोटांखाली आली. म्हणजे कित्येक दशके ही पथके अपुऱ्या स्वरांनिशी मैदानात उतरत होती. ज्याच्याजवळ स्वर थोडे, तो त्यांना भरदार करायला पाहणारच. गर्जना ही या कलेची पहिली संपत्ती होती, ती अशी.

त्यात भर पडली मैदानाची. ही पथके नाट्यगृहात वाजवीत नाहीत. फुटबॉलच्या उघड्या मैदानावर ती चालत, धावत, आकृत्या बांधत वाजवतात, आणि श्रोते असतात दूरच्या पायऱ्यांवर. उघड्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. सभागृहात भिंती आवाज परत पाठवून आपल्याला मदत करतात, मैदानात तो आभाळात निघून जातो. म्हणून या पथकांतल्या सर्व कर्ण्यांची तोंडे सरळ पुढे, प्रेक्षकांकडे असतात. सर्वांत मोठा खर्जाचा कर्णासुद्धा खांद्यावर घेऊन त्याचे तोंड पुढेच ठेवतात. सगळे वादक एका सरळ रांगेत येऊन, आवाज चढवत चढवत प्रेक्षकांवर चालून येतात, तो क्षण या खेळाचा कळस मानतात. तेव्हा बसलेली माणसे उठून उभी राहतात. कित्येकजण तेवढ्यासाठीच तिकीट काढतात, असे म्हटले तरी चालेल.

पण मोठ्या आवाजाचे गणित मोठे विचित्र आहे. पस्तीस कर्ण्यांच्या जागी सत्तर आणले, तर आवाज दुप्पट होईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटावा, यासाठी जवळजवळ दसपट वादक लागतील! म्हणजे माणसे वाढवून ही लढाई जिंकता येत नाही. जोरात फुंकूनही येत नाही, कारण ताकदीबाहेर फुंकले की पितळ फाटल्यासारखे वाजते आणि सूर वर चढतो. सत्तर माणसांचे सत्तर सूर झाले, तर ऐकणाऱ्याला नुसता कल्ला ऐकू येतो. उलट सगळ्यांचा स्वर एका रेषेत बसला, श्वास एकाच वेळी घेतला आणि एकाच वेळी सोडला, तर तोच आवाज छातीवर येऊन आदळतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण या मुलांना कोणी शिकवली नसेल. अनुभवाने मात्र ती त्यांच्या अंगवळणी पडली. मोठ्या आवाजासाठी पेटलेली ईर्ष्या त्यांना अशी हळूहळू सुराकडे घेऊन गेली.

परीक्षेची जुनी पद्धतही याला कारण होती. १९८३ पर्यंत परीक्षक मैदानात वादकांच्या जवळून फिरत आणि चूक दिसली की एक दशांश गुण कापीत. पथकाने काय उभे केले यापेक्षा त्याच्याकडून काय सांडले, याचा तो हिशेब. सासूने सुनेचा स्वयंपाक तपासावा, तसलाच हा मामला! अशा वेळी जीव ओतून मोठ्याने वाजवणे म्हणजे चुकीला आमंत्रणच. तरीही पथके वाजवीत राहिली, कारण पायऱ्यांवरचे लोक दशांश मोजायला आलेले नसत. १९८४ पासून कापण्याची ही रीत गेली आणि केलेल्या कामाला गुण देण्याची पद्धत आली. केवळ मोठ्या आवाजाला गुण तेव्हाही नव्हते आणि आजही नाहीत.

स्पर्धेचे सूत्र मुलांच्या पथकांनी आपल्या हाती घेतले, त्याची कथा याच्या थोडी अगोदरची. माजी सैनिकांच्या संघटना नियम ठरवीत आणि बक्षिसेही त्याच वाटीत. पथकांना ते जाचू लागले. १९७१ साली मध्य-पश्चिमेकडची आणि पश्चिमेकडची मिळून पाच पथके एकत्र आली. मैदानात एकमेकांना हरवायला टपलेले हे प्रतिस्पर्धी एका टेबलाशी बसले आणि त्यांनी आपले भवितव्य एकमेकांच्या हातात दिले. त्यातून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही संस्था निघाली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या लहान गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या 'ॲनाहाइम किंग्समेन'नी ती जिंकली.

पुढची दहा वर्षे पाहिली, की शेजाऱ्यांची चुरस म्हणजे काय ते कळते. उत्तर कॅलिफोर्नियात सांता क्लारा आणि कॉन्कॉर्ड ही दोन गावे, मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर. एकात 'व्हॅनगार्ड', दुसऱ्यात 'ब्लू डेव्हिल्स'. १९७३ ते १९८२ या दहा वर्षांत नऊ वेळा अजिंक्यपद या दोघांपैकी एकाकडे गेले. मधले फक्त १९७५ चे तेवढे मॅडिसनने पळवले. व्हॅनगार्डचा ओढा नाट्यसंगीताकडे आणि अभिजात रचनांकडे, तर ब्लू डेव्हिल्स जॅझमध्ये रमणारे. दोन घराणीच म्हणा ना! आणि घराण्यांच्या भांडणात जसे होते, तसे येथेही झाले. एकाने तान घेतली, की दुसरा ती ऐकून घरी जाई आणि वर्षभर घासून आपली काढी. १९९९ साली तर दोघांचे गुण अगदी सारखे भरले आणि अजिंक्यपद वाटून द्यावे लागले.

पितळेचा खरा दरारा मात्र काही नावांशी जोडला गेला. मॅडिसन स्काउट्सनी १९८८ साली क्यूबाचे संगीतकार अर्नेस्टो लेकुओना यांची 'मालागेन्या' ही रचना वाजवून अजिंक्यपद मिळवले. त्या वाजवण्याची आठवण जुने रसिक अजून काढतात. दक्षिणेकडे १९७६ साली निघालेल्या 'स्पिरिट ऑफ अटलांटा'ने आपल्या भरदार, उबदार आवाजाने उत्तरेकडच्या जुन्या पथकांना कान टवकारायला लावले. त्यामागे शिक्षक होते जिम ऑट. याच गृहस्थांनी त्याआधी ब्लू डेव्हिल्सचे कर्णेही घडवले होते. १९८० च्या उन्हाळ्यात दौऱ्यावर असताना अपघातात त्यांचे निधन झाले. आज उत्कृष्ट पितळी वादनाचे पारितोषिक त्यांच्या नावाने दिले जाते, आणि ते घेण्यासाठी सगळी पथके सारख्याच तळमळीने झटतात. ज्याच्या हाताखाली दोन प्रतिस्पर्धी घडले, त्याच्या नावाचा मान तिसऱ्याने मिळवावा आणि पहिल्या दोघांनी टाळ्या वाजवाव्यात, यापरती मैत्रीची खूण कोणती?

नुसता आवाज हवा की अवघड संगीत, हा वादही येथे रंगलाच. १९९३ साली 'स्टार ऑफ इंडियाना' या पथकाने बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांच्या गंभीर रचना अत्यंत सफाईने सादर केल्या. गर्जनेला चटावलेल्या काही प्रेक्षकांना ते रुचले नाही. कॅडेट्सनी त्यांना एका दशांशाने मागे टाकले. स्टार ऑफ इंडियाना त्यानंतर स्पर्धेतून बाहेर पडले. पण त्याच मंडळींतून निघालेला 'ब्लास्ट' हा रंगमंचीय कार्यक्रम पुढे ब्रॉडवेवर गेला आणि २००१ साली त्याला टोनी पारितोषिक मिळाले. गर्जेल तो पडेल काय, असे आपण विचारतो. येथे जो गर्जला नाही, तोच नाट्यगृहात जाऊन बरसला. उलट २००८ साली 'फँटम रेजिमेंट'ने स्पार्टाकसच्या बंडाची कथा मैदानावर उभी करून, गर्जत गर्जत, ब्लू डेव्हिल्सना मागे टाकले. अंतर होते शंभरांत पाव दशांश, म्हणजे ०.०२५ गुणांचे!

आवाजाची किंमतही असते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसात आठ तासांहून अधिक राहू नये, आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा करावा. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. उन्हाळाभर रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या विशी-एकविशीच्या मुलांना हे आकडे थट्टेवारी नेऊन चालत नाहीत. आज कानांत बोळे घालण्याचा आग्रह धरला जातो, तो यासाठी. कान गेला तर सूरही गेला. ढोल-ताशांच्या पथकांत नाचत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही ही गोष्ट गाठीला बांधावी.

आपला आणि या कर्ण्यांचा धागा तसा लांबचा नाही. युरोपातल्या पलटणींचा बिगूल अमेरिकेत गेला, तसाच तो इंग्रजांबरोबर हिंदुस्थानातही आला. तेथे त्याचे ड्रम कोअर झाले, येथे पलटणीच्या बँडचे वारस आपल्या वरातीपुढे चालू लागले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य सुरावट शिकलेल्या वादकांनी तर संस्थानिकांच्या बँडपासून मुंबईच्या चित्रपटांपर्यंत तुताऱ्या निनादत ठेवल्या. एकाच बीजाची ही झाडे. माती निराळी, म्हणून फळे निराळी.

अमेरिकेतली ही झाडेही वादळातून सुटली नाहीत. २००४ पासून ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली, आणि फुंकरीच्या जोरावर मिळवलेल्या आवाजाचे मोल आता काय, असा सवाल जुने लोक विचारू लागले. २०२० साली महामारीने स्पर्धाच झाली नाही. पैशाच्या ओढाताणीमुळे व्हॅनगार्ड २०२३ चा उन्हाळा घरीच बसले आणि पुढच्या वर्षी परतले. दहा वेळा अजिंक्य ठरलेले कॅडेट्स मात्र एका खटल्यातून उद्भवलेल्या आर्थिक पेचामुळे २०२४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी बंद पडले. चुरशीचे खरे मोल अशाच वेळी समजते. ज्याला हरवण्यासाठी आपण पहाटे उठून श्वास कमावला, तो मैदानात आलाच नाही, तर आपली गर्जना ऐकवायची कोणाला?

म्हणून वाचकहो, शेजारी मोठ्याने वाजवू लागला, तर रागावू नये. आधी त्याचा सूर लागला आहे का, ते ऐकावे. लागला असेल तर मनापासून दाद द्यावी, आणि मग आपला श्वास भरून घ्यावा.