जळालं तेच उरलं

पाचगणीजवळच्या राजपुरीच्या गुहा बघताना ग्रुपमधला कुणीतरी हमखास विचारतो, "इथे आदिमानवाला पुरलं असेल का रे?" आता जांभ्याची माती पडली आम्लधर्मी, तिच्यात हाडं टिकत नाहीत. दफनं बघायची तर पसरणीचा घाट उतरून थेट शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावची गोष्ट वाचावी लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ची. दफनं दोनशेहून जास्त, आणि बरीचशी राहत्या घराच्या जमिनीखाली! तान्हं मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे. मोठ्यांचे पाय घोट्यापाशी तोडलेले. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क.

पण ही माणसं जेवत काय होती? ते शोधलं डॉ. एम. डी. काजळे यांच्यासारख्या पुरावनस्पतीतज्ज्ञांनी. या कामात माती पाण्यात ढवळतात. कोळसा झालेलं बी हलकं, ते वर तरंगतं. ते गाळायचं, वाळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं. इनामगावात मुख्य पीक निघालं जव. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, बोरं.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला ही लॉग फाइलच वाटते. फरक इतकाच की लॉग लिहिते चूल. जे चुकून जळलं त्याची नोंद झाली, बाकी सगळं कुजलं. भाजी, फुलं, पानं... काही नाही.

उलटाही प्रकार होतो बरं का. इराकमधल्या शानिदार गुहेत १९६० साली सापडलेल्या निअँडरथल माणसाभोवती फुलांचे परागकण मिळाले. राल्फ सोलेकी म्हणाले, याला फुलं वाहिली होती! जग हळवं झालं. पुढे शंका आली की फुलं बिळात साठवणाऱ्या उंदरांसारख्या प्राण्यांचं हे काम असावं. २०२३ च्या एका अभ्यासाने तर मधमाश्यांकडे बोट दाखवलं, कारण एकाच गठ्ठ्यात वेगवेगळ्या मोसमांत फुलणाऱ्या झाडांचे कण होते.

म्हणजे तिथे नोंद आहे, पण ती बहुधा माणसाची नाही. इनामगावात नोंदच नाही. म्हणून तिथल्या आईने मडक्यात चार फुलं ठेवलीच नसतील, असं मी तरी म्हणणार नाही. एवढं मात्र दिसतं, की तिने लेकरू घराबाहेर जाऊ दिलं नाही.