हिरडीवर उमटलेली औषधाची खूण

फेनिटॉइन जन्मले तेव्हा ते औषध नव्हते. १९०८ साली हाइनरिश बिल्त्झ या जर्मन रसायनतज्ज्ञाने हे संयुग तयार केले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे ते तसेच पडून राहिले. बॉस्टनमध्ये ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन आकडी कशाने अडते ते तपासायला घेतले, तेव्हा त्याचे गुण कळले. १९३८ साली रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोवर फेफऱ्यावर आधार होता तो ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटोनचा. त्यांनी माणूस पेंगत राही. फेनिटॉइनने आकडी थांबे आणि माणूस जागा राही.

पुढच्याच वर्षी ओ. पी. किंबॉल यांनी ११९ रुग्णांची नोंद दिली. त्यांतल्या ५७ टक्क्यांच्या हिरड्या वाढल्या होत्या. किंबॉल यांना रुग्णांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी दिसले आणि त्यांनी दोष त्या कमतरतेला दिला. हेच किंबॉल १९१७ पासून डेव्हिड मरीन यांच्याबरोबर अ‍ॅक्रनच्या शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळण्याच्या प्रयोगात होते. एका कमतरतेने एक कोडे सोडवले होते; दुसऱ्या कोड्याशी त्यांनी तीच किल्ली लावून पाहिली, असे मला वाटते. ती लागली नाही. १९४० मध्ये मेरिट यांनीच दाखवले की या औषधाने क जीवनसत्त्व घटत नाही.

मग दोष आला दात घासण्यावर. माझी एक आतेबहीण शाळेपासून या गोळ्या घेई. ती हसताना तोंडावर रुमाल धरायची. एका दंतवैद्यांनी तिला चारचौघांत आळशी म्हटले. तिने कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि आठवड्याभरात स्वयंपाकघरात आकडी येऊन पडली. हात भाजला तो कायमचा. या इतिहासाच्या मागे मी लागलो तो तेव्हापासून.

दातांवरचे कीटण आणि त्याने येणारी सूज यांनी ही वाढ बळावते, हे खरेच आहे. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. कीटण सर्वांच्याच तोंडात असते. हिरड्या अशा वाढतात त्या या औषधाच्या साधारण निम्म्या रुग्णांच्या. १९७६ मध्ये टॉमस हॅसेल आणि सहकाऱ्यांनी वाढलेल्या हिरडीतल्या तंतुजनक पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे प्रथिन बनवण्याचे काम तपासले, आणि बिघाड पेशींच्या पातळीवर शोधला जाऊ लागला. १९८३ मध्ये प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनने, तर १९८४ मध्ये रक्तदाबावरच्या निफेडिपिननेही हिरड्या वाढतात असे वृत्तांत आले. तीन औषधे, तीन वेगळी कामे, आणि खूण एकाच जागी!

पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप पाठवतात. 'कोलॅजन विणा' हा निरोप पुढे नेणारे एक प्रथिन म्हणजे संयोजी ऊतीचा वृद्धिघटक. २००१ मध्ये बॉस्टनच्याच संशोधकांनी या तीन औषधांनी वाढलेल्या हिरड्या ताडून पाहिल्या. फेनिटॉइनच्या हिरडीत हा घटक सर्वांत जास्त होता, आणि तीच सर्वांत तंतुमय होती. पुढे आणखी एक गोष्ट दिसली. फुप्फुसाच्या तंतुजनक पेशींत सुजेच्या वेळी तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन हा निरोप दाबते. हिरडीच्या पेशी मात्र त्याला फारशा जुमानत नाहीत. सूज असूनही विणकाम चालूच राहते. खूण हिरडीवरच का उमटते, याचे एक उत्तर इथे आहे.

हाच गुण औषधाच्या उपयोगीही पडला. या औषधाने हिरडीची जखम लवकर भरते, असे १९५८ साली शपिरो यांनी लिहिले. १९९३ मध्ये कुष्ठरुग्णांच्या पायांच्या चिघळलेल्या जखमांवर फेनिटॉइन लावून केलेले भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाले. पेशींना वाढवणारा निरोप तोंडात नको असतो, तळपायाला हवा असतो.

आज डॉक्टर औषध बदलू शकतात, दात स्वच्छ करून घेता येतात, वाढलेला भाग काढता येतो. गोळी आपल्या मनाने बंद करणे एवढे मात्र करू नये. आणि समोरच्या रुग्णाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचावी.