पावसाळ्यातला समुद्र आणि तळाचे पाणी

पावसाळ्यात दर्या बंद, हे गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हल्ली यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते. पूर्वी हे काम खवळलेला समुद्रच करायचा. पण दर्या बंद असतो तो आपल्यासाठी. आत पाण्यात वर्षातली सर्वांत मोठी धामधूम तेव्हाच चाललेली असते आणि तिचा शोध कसा लागला ही गोष्ट मोठी रंजक आहे.

सुरुवात होते पार उत्तर ध्रुवाकडे. १८९३ ते १८९६ या काळात नान्सेनच्या मोहिमेचे ‘फ्राम’ जहाज बर्फाबरोबर वाहत होते. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता थोडा उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपून ठेवले. एकमन नावाच्या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडून १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात समुद्राचा वरचा थर एकंदरीत वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात ढकलला जातो. म्हणजे किनारा डाव्या हाताला ठेवून वारा वाहू लागला, की वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. यालाच अपवेलिंग म्हणतात. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात, आणि त्यांवर आमचे तारले पोसतात.

सोमालियाच्या किनाऱ्यावर हे अगदी पुस्तकात दिल्यासारखे घडते. नैर्ऋत्य मोसमी वारा किनाऱ्याला समांतर, प्रचंड जोराने वाहतो आणि ऐन उष्ण कटिबंधात पाणी २० अंशांच्याही खाली उतरते.

आपल्याकडे मामला इतका सरळ नाही. गोव्यावर वारा येतो तो बराचसा पश्चिमेकडून, म्हणजे समोरून. किनाऱ्याला समांतर असा त्याचा हिस्सा थोडाच. मग पाणी वर येते कसे? १९८७ च्या पावसाळ्यात सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यालगत मोजमापे घेतली. वरचा प्रवाह दक्षिणेकडे, त्याच्या पोटात उलटा उत्तरेकडे जाणारा प्रवाह, आणि पाण्याचे थर किनाऱ्याकडे चढत आलेले. पुढे असेही दिसले की या हालचालीचे काही धागे श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातात. कुठला वारा आणि कुठले मासे!

ही मोजमापे करणारी संस्था आपल्या दोनापावलची. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागर धुंडाळला. आपली ‘कृष्णा’ ही नौदलाची नौकाही त्यात होती. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

मात्र वर येणारे पाणी निव्वळ अमृत नसते. त्यात प्राणवायू फार कमी. कोचीच्या समुद्रात हे पाणी उथळ भागावर पसरले की तळाचे मासे पळ काढतात, असे कार्ल बान्से यांनी १९५९ मध्येच लिहिले होते. आपल्याकडे त्यात पावसाची भर. नद्यांचे गोडे पाणी वर तरंगते आणि झाकणासारखे बसते. खाली वारा पोचत नाही. कांदोळीसमोर १९९७ पासून घेतलेल्या नोंदींत हे स्पष्ट दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी प्राणवायू संपतो, नायट्रेटही संपते आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार होतो. २००० साली नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले, की ही घुसमट वाढते आहे आणि तीत शेतातून वाहून येणाऱ्या खतांचा वाटा असावा. तसे असेल तर दोष एकट्या वाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

आता माझा एक कयास, तो कयास म्हणूनच घ्यावा. रापणीचा हंगाम पावसाळा सरताना सुरू होतो आणि जाळे ओढतात ते किनाऱ्यावरून. खालच्या कोंडलेल्या पाण्याने रेटलेली मासळी त्याच सुमारास किनाऱ्याशी दाटत असणार. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, रापणकार रस्त्यावर उतरले आणि १९८० मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा झाला. ते भांडण किनाऱ्यालगतच्या नेमक्या याच चिंचोळ्या पट्ट्यासाठी होते.